महिन्याची कादंबरी आणि घरची मराठी

मराठीत आपण ज्या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याचे नाव एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथावरून आले आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहावयास घेतली. ती पुरी होण्याआधीच तो निवर्तला आणि उत्तरार्ध त्याच्या मुलाला लिहावा लागला. ज्या भाषेने या प्रकाराला असे नाव दिले, तिच्या लेखकांना कादंबरी म्हणजे वर्षानुवर्षांचे काम वाटावे यात नवल नाही. आपल्या शेजारच्या गुजराती भाषेने मात्र याच प्रकाराला ‘नवलकथा’ म्हटले. सुरतेतील मराठी माणूस या दोन्ही शब्दांच्या मधल्या अंगणात वाढतो. घरात कादंबरी, बाहेर नवलकथा.

अलीकडे तरुण लेखकवर्गात एक आव्हान वारंवार घेतले जाते: एका महिन्यात कादंबरीचा कच्चा खर्डा पुरा करावयाचा. या कल्पनेला संघटित रूप अमेरिकेत मिळाले. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी नावाच्या लेखकाने वीस-एकवीस मित्रमंडळी जमवून हा खेळ आरंभिला. पुढे नोव्हेंबर हा महिना ठरला, पन्नास हजार शब्दांचे उद्दिष्ट ठरले आणि जगभरची लक्षावधी माणसे त्यात सामील झाली. हिशेब सरळ आहे. तीस दिवसांत पन्नास हजार म्हणजे रोज सुमारे १,६६७ शब्द. हाताने लिहिणाऱ्याच्या भाषेत रोजची सहा-सात फुलस्केप पाने. या खेळातून उभी राहिलेली संस्था २०२५च्या मार्चअखेरीस बंद झाली. कल्पना मात्र बंद पडलेली नाही, आणि एखाद्या संस्थेच्या मरणाने ती बंद पडण्यासारखीही नाही.

आपल्याकडील जाणत्या वाचकांची यावरील पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. शब्द मोजून का कुठे साहित्य होते? हा आक्षेप रास्त आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. ठरावीक दिवसांत मोठे काम तडीस नेण्याचा नेम आपल्या घरांना परका नाही. सात दिवसांत गुरुचरित्राचे पारायण होते. श्रावणात पोथी लागते ती महिनाअखेर उतरते. अर्थात पारायणात ग्रंथ आधीच लिहिलेला असतो आणि येथे तो लिहावयाचा असतो, हा भेद मोठा आहे. तरीही ‘महिन्यात कादंबरी होत नाही’ असे म्हणण्याआधी मराठीतील दोन अत्यंत वाचल्या गेलेल्या पुस्तकांकडे पाहणे अगत्याचे ठरते. दोन्ही महिन्याच्या आत लिहिली गेली. आणि दोहोंचेही लेखक आपल्या उधना-जळगाव लोहमार्गाच्या मुलखाशी बांधलेले आहेत.

पहिले पुस्तक ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हातावेगळे केले. हे पुस्तक काटेकोर अर्थाने कादंबरी आहे की नाही, यावर वाद घालता येईल. पण एक नायक, एक कुटुंब, एक ऱ्हास आणि एक मृत्यू यांना सलग गुंफणारे ते दीर्घ कथन आहे, एवढे कोणीही मान्य करील.

या वेगाचा उलगडा गुरुजींच्या आधीच्या आयुष्यात सापडतो. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. म्हणजे रोज काहीतरी लिहून दुसऱ्या दिवशी ते मुलांच्या डोळ्यांपुढे ठेवण्याची सवय हाताला होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट १९३२ची. त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरून घेतली साने गुरुजींनी. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिण्याची ती तालीम होती. आधी दुसऱ्याच्या वाणीमागून धावलेला हात वर्षभरातच स्वतःच्या वाणीमागून धावला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुस्तकाची घडणही याला साक्ष देते. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. म्हणून प्रकरणांना प्रकरण न म्हणता ‘रात्र’ म्हटले आहे. छापील पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत. प्रत्येक रात्र एका बैठकीत सांगून संपण्याजोगी आहे. एका बैठकीचे माप आधीच ठरलेले असल्यामुळे लिहिणाऱ्याला उद्या काय लिहावयाचे याची विवंचना उरत नाही. उद्याची रात्र उद्या येणारच असते.

दुसरे पुस्तक ‘कोसला’. भालचंद्र नेमाडे जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली, वयाच्या पंचविशीत, गावी असताना त्यांनी ही कादंबरी महिना पुरा होण्याआधीच लिहून काढली आणि त्याच वर्षी रा. ज. देशमुखांनी ती प्रसिद्ध केली. खानदेशातून पुण्याला शिकावयास गेलेला आणि अखेर हात हलवीत गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःच आपली हकिगत सांगतो. तिच्यात रोजनिशी आहे, विडंबन आहे, बहिणीच्या मृत्यूचे मन सुन्न करणारे पर्व आहे. त्या काळच्या अलंकृत कादंबरीला सरावलेल्या वाचकाला या पुस्तकाने धक्का दिला, तो मुख्यतः त्याच्या बोलण्याने. पांडुरंगाच्या तोंडी सतत येणारे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ आठवा. हे दोन शब्द म्हणजे बोलताना माणूस जिथे अडखळतो किंवा हात झटकतो त्या जागा आहेत. सावकाश, पुनःपुन्हा खोडून केलेल्या सुवाच्य प्रतीत हेच शब्द सर्वांआधी गळाले असते. ते राहिले, आणि एका पिढीला आपला आवाज त्यांत ऐकू आला.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एक समान धागा दिसतो. दोहोंत कोणीतरी ‘मी’ म्हणून सांगत आहे. बाहेरच्या वाङ्मयातील उदाहरणेही याच दिशेला बोट दाखवितात. दस्तयेव्हस्कीने एका प्रकाशकाशी करार केला होता. १ नोव्हेंबर १८६६पर्यंत नवी कादंबरी हाती दिली नाही, तर त्याच्या ग्रंथांवरचा हक्क नऊ वर्षे त्या प्रकाशकाकडे विनामोबदला जाणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ लिहिलेली नव्हती. तेव्हा अ‍ॅना नावाची वीस वर्षांची लघुलेखिका बोलावण्यात आली आणि सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी त्याने तिला तोंडी सांगितली. तीही नायकाच्या मुखाने सांगितलेली कथा आहे. काझुओ इशिगुरो या इंग्रजी कादंबरीकाराने १९८७ साली चार आठवडे बाकीचे सारे व्यवहार बंद ठेवून ‘द रिमेन्स ऑफ द डे’चा खर्डा केला, त्यातही एक वृद्ध कारभारी बटलर आपली कहाणी आपणच सांगतो. त्या चार आठवड्यांआधी त्या काळाविषयीचे आणि त्या पेशाविषयीचे वाचन झालेले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

यावरून माझा निष्कर्ष असा. महिन्याच्या मुदतीत कादंबरी उतरते ती सांगणारा सापडला असेल तर. प्रसंग, पात्रे, स्थळे यांची जमवाजमव महिन्यात होत नाही. ती आयुष्याने आधीच करून ठेवलेली असावी लागते. महिना फक्त एवढेच पाहतो, की या साऱ्याला तोंड फुटले आहे की नाही.

वेगाने लिहिण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याचीही दखल घेतली पाहिजे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड यांच्या करामती वाचण्यासाठी वाचनालयांत रांगा लागत. मराठी माणसाला वाचनाची चटक लावण्याचे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. तो वेग साच्याचा होता. साचा पक्का असला की माल भराभर निघतो, आणि वाचकालाही साचाच हवा असतो. मात्र महिन्याचे आव्हान घेणारा होतकरू लेखक पुष्कळदा नकळत या दुसऱ्या मार्गाला लागतो. सांगणारा सापडत नाही म्हणून तो चित्रपटांतून आणि मालिकांतून तयार प्रसंग उचलतो व शब्दसंख्या पुरी करतो. अशा खर्ड्याला आता स्पर्धकही आला आहे. पन्नास हजार शब्द संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता फार थोड्या वेळात पुढे टाकते. तिच्या वापराचा सरसकट निषेध करण्यास त्या अमेरिकी संस्थेने २०२४ साली नकार दिला आणि काही नामवंत लेखकांनी तिच्याशी संबंध तोडले, हा प्रसंग बोलका आहे. शब्द मोजणे हीच जर कसोटी, तर ती कसोटी आता कोणीही विनाश्रम उतरू शकतो. तेव्हा शब्दसंख्येला काडीचेही महत्त्व न देता या आव्हानाकडे पाहावयास आपण शिकले पाहिजे.

महिन्याला काय जमत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘कोसला’ महिन्याच्या आत लिहिणाऱ्या नेमाड्यांनाच पुढे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्यांसाठी कितीतरी अधिक काळ लागला. आणि १९७९च्या ‘झूल’नंतर ‘हिंदू’ वाचकांच्या हाती पडली ती २०१० साली. पुरातत्त्वज्ञ नायक घेऊन हजारो वर्षांचा पट मांडावयाचा तर एका आवाजाच्या ओघावर भागत नाही. येथे आपल्या गावाचेही उदाहरण आहे. गुजरातीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाणारी ‘करण घेलो’ आपल्या सुरतेच्या नंदशंकर मेहतांची. ती प्रसिद्ध झाली १८६६ साली, म्हणजे दस्तयेव्हस्की ज्या वर्षी घायकुतीला येऊन ‘जुगारी’ सांगत होता त्याच वर्षी. पाटणच्या शेवटच्या राजपूत राजाचा पाडाव हा तिचा विषय. राजे, अमात्य, युद्धे, लोकाचार असा सारा पसारा दुरून न्याहाळणारा निवेदक तिला हवा होता. सव्वीस दिवसांचे ते काम नव्हे.

ही गोष्ट आपल्या मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. आपल्यातील ज्या घराण्यांत गायकवाडीतल्या किंवा पेशवाईतल्या सनदा, वंशावळी आणि जुने कागद जपलेले आहेत, तेथे कोणाच्या तरी मनात एक ऐतिहासिक कादंबरी घोळत असतेच. दमाजी गायकवाडांच्या स्वाऱ्यांवर लिहावे, आपला मूळ पुरुष गुजरातेत कसा आला ते लिहावे, अशी ती इच्छा असते. ती आदराची आहे. पण महिन्याच्या नेमाला ती जुंपली, तर पदरात पडेल ते कागदपत्रांचे अपुरे टाचण आणि जुन्या वळणाच्या संवादांची नक्कल. त्या कामाला वर्षे द्यावीत.

हरिभाऊ आपट्यांचा मार्ग या दोहोंच्या मधला. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी आपल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः दिली. तीही एका स्त्रीच्या तोंडची आत्मकथा. येथे मुदत होती, परंतु ती आठवड्याची होती, आणि कादंबरी सरली तीन वर्षांनी. सांगणारी सापडली म्हणजे महिन्यातच संपले पाहिजे असा काही नियम नाही, एवढा बोध यातून घ्यावा.

महिन्याच्या कादंबरीत दोषही त्या वेगाचेच असतात. ‘श्यामची आई’तील उपदेश काही ठिकाणी कथेवर कुरघोडी करतो आणि अश्रूंची पुनरावृत्ती प्रौढ वाचकाला जाणवते. श्याम सोडून इतर भावंडे, एवढेच काय वडीलही, आईच्या प्रकाशात जेवढे दिसतात तेवढेच दिसतात. ‘कोसला’तही पांडुरंगाच्या नजरेपलीकडे माणसाला फारसे स्वतंत्र आयुष्य मिळत नाही. एका खिडकीतून जेवढे जग दिसते तेवढेच या प्रकारात मावते. दोन्ही पुस्तके या मर्यादेसकट मोठी ठरली, याचे कारण ती खिडकी त्यांची स्वतःची होती. उसनी खिडकी घेणाऱ्याला ही मर्यादा कोणी माफ करणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सुरतेत किंवा एकूण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने लिहावयाचे ठरविले, की पहिली अडचण कथानकाची येत नाही, भाषेची येते. आपली घरची मराठी पुण्याच्या छापील मराठीहून वेगळी आहे. तिच्यात जिन्याला दादर म्हटले जाते, खिडकीला बारी, झोपाळ्याला हिंचका. संक्रांतीचे उत्तरायण होते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याची घारी आली नाही तर सण झाल्यासारखा वाटत नाही. ही भाषा बोलताना आपण संकोचत नाही. लेखणी उचलली की मात्र संकोचतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे जी भाषा ऐकून गालातल्या गालात हसतात ती कागदावर कशी उतरवावी, असे वाटते. आणि मग प्रत्येक वाक्य मनातल्या मनात शुद्ध करून मगच लिहिले जाते.

याचा परिणाम काय होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पुराची आठवण सांगताना घरातील आजी म्हणेल, “पाणी दादराच्या तिसऱ्या पायरीला लागलं, तेव्हा हे बारीतून हाका मारत होते.” हेच तिच्या सुशिक्षित नातवाने सावकाश लिहिले, तर वाचावयास मिळेल: “पुराचे पाणी जिन्याच्या तिसऱ्या सोपानापर्यंत येऊन ठेपले असता आजोबा वातायनातून साहाय्याची याचना करीत होते.” दुसऱ्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण त्यातून आजी गेली, पायरीला लागलेले पाणी गेले आणि सुरतही गेली. असे वाक्य मराठीच्या कोणत्याही गावी कोणीही लिहू शकेल.

महिन्याच्या मुदतीचा खरा उपयोग मला येथे दिसतो. रोज सहा-सात पाने लिहावयाची असली की वाक्य शुद्ध करीत बसावयाला सवड मिळत नाही. लाजावयालाही सवड मिळत नाही. हात चालू ठेवावयाचा तर जी भाषा जिभेवर तयार आहे तीच कागदावर येणार, आणि ती घरचीच असणार. नेमाड्यांनी पुढे ‘लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असा प्रश्न एका लेखाच्या शीर्षकातच विचारला. आपल्यासारख्या दूरच्या मराठी वस्तीत तर लेखक पहिले पान लिहिण्याआधीच लेखकराव होऊन बसतो. कारण शुद्ध, भारदस्त मराठी लिहून दाखविणे हीच आपल्या मराठीपणाची परीक्षा आहे, असे आपण धरून चालतो. ही परीक्षा पुढे ढकलावयाची असेल, तर महिन्याची घाई फार उपयोगी आहे.

पुढे ढकलावयाची, असे म्हटले; रद्द करावयाची असे म्हटलेले नाही. मराठीचे व्याकरण सिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४०च्या दशकात आपल्या सुरतेतच शिक्षक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने येथे मानवधर्म सभा स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. व्याकरणकाराचे पाय या गावाला लागले आहेत, तेव्हा व्याकरणाशी फटकून वागण्याचे आपल्याला कारण नाही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. पहिला खर्डा पांडुरंग सांगवीकराच्या चालीने व्हावा, दुसरा दादोबा पांडुरंगांच्या देखरेखीखाली. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो आणि म्हणून पहिलाच खर्डा पुरा होत नाही. अमेरिकेतील जॅक केरुअ‍ॅकने ‘ऑन द रोड’चा खर्डा एप्रिल १९५१मध्ये सुमारे तीन आठवड्यांत कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीवर टंकलिखित केला, ही आख्यायिकेसारखी गोष्ट खरी आहे, परंतु पुस्तक छापले गेले १९५७ साली, आणि त्या तीन आठवड्यांच्या मागे काही वर्षांच्या टिपणवह्या होत्या. आधीची वर्षे, मधला महिना आणि नंतरची वर्षे या तिन्हींची मिळून कादंबरी होते. यांतील मधला महिना तेवढा लोकांच्या नजरेत भरतो.

आधीच्या वर्षांची पुंजी आपल्यापाशी आहे का, असा प्रश्न कोणी विचारील. १९६८चा तापीचा पूर ज्यांनी पाहिला ती पिढी आता थकली आहे. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे हे शहर सोडून गेली. कोण गेले, कोण राहिले, राहिलेल्यांनी दारे लावून घेतली की उघडी ठेवली, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला. तेव्हा गच्चीवर काढलेल्या रात्री ज्यांना आठवतात, ती माणसे आज तिशी-पन्नाशीत, म्हणजे ऐन लिहिण्याच्या वयात आहेत. त्या रात्री एका बैठकीत सांगण्याजोग्या आहेत. गुरुजींनी आपल्या प्रकरणांना जे नाव दिले ते येथे अगदी शब्दशः लागू पडेल.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या जुन्या घराण्यांच्या वाचकांपुढे थोड्या धैर्यानेच मांडावी लागते. सुरतेत मराठी बोलणारे आता बहुसंख्येने आपण नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली, यंत्रमागांवर आणि गिरण्यांत राबणारी मोठी वस्ती आहे. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतून शिकणारी मुले प्रामुख्याने तिथली आहेत. त्यांच्या घरी अहिराणी किंवा तिच्या वळणाची मराठी बोलली जाते. आपल्यापैकी काहींना ती भाषा ओबडधोबड वाटते. पण ‘कोसला’चा लेखक त्याच खानदेशातला, आणि ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या कोकणातल्या माणसाला लिहिण्याची आणि सांगण्याची तालीम मिळाली तीही त्याच खानदेशात. सुरतेची मराठी कादंबरी आपल्या नानपुऱ्या-गोपीपुऱ्यातून येईल की लिंबायतेतून, हे सांगता येत नाही. पुण्याच्या मराठीपुढे आपण जो संकोच बाळगतो, तोच आपण आपल्या मराठीपुढे या मुलांना बाळगावयास लावतो, याचा मात्र विचार झाला पाहिजे. कादंबरी महिन्यात लिहिण्याचे आव्हान उद्या कोणी येथे दिले, तर ते दोन्ही वस्त्यांना एकत्र द्यावे.

ते कसे द्यावे याविषयी दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. नोव्हेंबरचा आग्रह नको. येथे तो दिवाळीच्या आगेमागे येतो आणि घरात कोणाला उसंत नसते. आपल्या घरांना श्रावणातला नेम परिचित आहे, पावसाने बाहेरचे व्यवहारही मंदावलेले असतात. शब्द मोजू नयेत. रोज एक बैठक, आणि एका बैठकीत एक आठवण पुरी, एवढेच माप असावे. ज्याला लिहिता येत नाही पण सांगता येते, अशा वडीलधाऱ्यांजवळ घरातील एखाद्या मुलाने वही घेऊन बसावे. दस्तयेव्हस्कीला लघुलेखिका चालली, तर आपल्या आजोबांना नात का चालू नये? महिना संपल्यावर बक्षीस किंवा छपाई यांची भाषा न काढता ते खर्डे मोठ्याने वाचले जावेत. कानाला जे खोटे वाटेल ते तेथेच कळते. त्यानंतर वर्षभर ज्याने त्याने आपापल्या खर्ड्याशी झगडावे.

अशा दहा-वीस खर्ड्यांतून एखादीही कादंबरी उभी राहील याची हमी देता येणार नाही. उरलेले खर्डे कच्चेच राहतील, काही तर आठवणींचे नुसते ढिगारे असतील. तरीही ते निरर्थक ठरणार नाहीत. आपल्या घरांतील मराठी आज बोलण्यात आहे. ती बोलणाऱ्यांबरोबर जाईल, आणि तिची नोंद कोणत्याही कोशात नाही. पुढची पिढी मराठी शिकलीच तर ती पुस्तकांतली, पुण्या-मुंबईची मराठी शिकेल, आणि आपल्या आजीने पुराच्या रात्री कोणत्या शब्दांत हाक मारली होती हे तिला कोठेही सापडणार नाही. एका महिन्याच्या घाईने लिहिलेल्या, अशुद्ध, दादर-बारीने भरलेल्या चाळीस-पन्नास वह्या जर या गावात मागे राहिल्या, तर मराठी साहित्यात त्यांची भर किती पडली हे समीक्षक पुढे ठरवितील. आपल्या नातवंडांना मात्र त्या वाचता येतील.